सूनबाईचं ट्रेनिंग

२८ डिसेंबर, रविवार

आली! धनश्रीला मेल आली. १९ जानेवारीला हैदराबादला हजर व्हायचं. विमान कंपनीत, पायलटच्या ट्रेनिंगला.

दुपारी मी ओट्यावर रेवाला मांडीवर घेऊन बसलो होतो. धनश्री आतून पळतच आली, मोबाईल माझ्यासमोर धरला. "बाबा, वाचा." चष्मा नव्हता. म्हटलं, तूच वाच. तिला वाचवेना. शेवटी गोरक्षने वाचून दाखवलं. आमचा मुलगा मुळात कमी बोलणारा. त्याने ती मेल दोनदा वाचली!

लग्नाआधीच तिने विमान उडवायचं लायसन काढलं होतं. मग चार वर्षं कुठून बोलावणं नाही. इथे श्रीगोंद्यात क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. नोव्हेंबरात दिल्लीला मुलाखत देऊन आली, तेव्हा आम्ही कोणीच फार मनावर घेतलं नव्हतं. तीसुद्धा.

मी पेढे आणायला उठलो. चप्पल घातली तोच म्हणाली, "नको बाबा. मी जाणार नाहीये."

रेवा साडेआठ महिन्यांची आहे. अंगावर पिते.

२९ डिसेंबर

घरात दिवसभर कोणी धड जेवलं नाही.

गोरक्ष म्हणतो, तू जा, मी आहे ना. त्यावर ती — "कुठे आहेस? लॅबमध्ये!" खरं आहे. तो साखर कारखान्यात केमिस्ट. गळीत हंगाम ऐन भरात, मार्चपर्यंत त्याला मान वर करायला सवड नाही. आज एक पाळी, उद्या दुसरी.

बायको, जया, अंगणवाडीतून आली. सगळं ऐकून घेतलं, पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मी तिकडं चाळीस पोरं बघती. घरातलं एक तुमी बघा की! रिटायर होऊन दोन वर्षं झाली, नुसता पेपर वाचताय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. रेवासुद्धा!

"बघतो," म्हणालो. शब्द तोंडातून निघून गेला. एस.टी.त कंट्रोलर होतो. जन्मभर गाड्या सोडल्या, ड्यूट्या लावल्या. ही ड्यूटी मात्र कधी केलेली नाही.

नंतर धनश्री पाणी प्यायच्या निमित्ताने आली. हळूच विचारलं, "बाबा, खरंच?" मी म्हटलं, मेलला उत्तर पाठव आधी. मग रड.

१ जानेवारी

निवेदिताचा फोन आला होता. धनश्रीची फ्लाइंग स्कूलमधली मैत्रीण, दोन वर्षांपासून त्याच कंपनीत उडते. बोलते भराभर, पण कामाचं. फोन स्पीकरवर होता, मीही ऐकत बसलो.

तिचं म्हणणं — कंपनी पहिला आठवडाच हॉटेलात ठेवते, पुढचं आपलं आपण. विमानतळाजवळ घर घेऊ नका. नाव विमानाचं असलं तरी पहिले तीन महिने विमान दिसतसुद्धा नाही! सगळं काम ट्रेनिंग सेंटरमध्ये. तिथून चालत जाता येईल असं घर बघा. लेडीज पीजी नकोच, दहाला गेट बंद करतात आणि सिम कधी कधी पहाटे दोनला असतं. सिम म्हणजे विमानाचं नुसतं नाक. जागेवरच हलतं, पण आत बसलं की सगळं खऱ्यासारखं. ते चोवीस तास चालू, ज्याचा नंबर जेव्हा लागेल तेव्हा. म्हणून दिवसा झोपावं लागतं, त्यासाठी जाड काळे पडदे न्या. सिमला जोडी असते. जोडीदाराबरोबर राहता आलं तर सोन्याहून पिवळं, एकमेकींचा अभ्यास होतो. बूट आत्ताच घेऊन घरात घालून फिर, नवे बूट पहिल्या दिवशी चावतात.

मला पटलं. आमच्या मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हरचं हेच असायचं — नीट झोपला तर गाडी नीट.

जया लगेच काळं कापड आणायला निघाली.

६ जानेवारी

बाटली — नापास. तीन प्रकारच्या आणल्या. रेवा जीभ बाहेर काढते, कमान करते आणि असा टाहो फोडते की शेजारची आरती भिंतीवरून डोकावते.

धनश्री नवे काळे बूट घालून स्वयंपाकघरात पोळ्या लाटते. टक टक टक.

११ जानेवारी, रविवार

आज रंगीत तालीम. धनश्रीने दिवसभर आरतीकडे थांबायचं, हाक मारली तरी यायचं नाही. असं मीच ठरवलं.

अकरापर्यंत रेवा खेळली. मग भूक लागली. मी बाटली घेतली, गाणं म्हटलं, कावळा दाखवला, एस.टी.चा हॉर्न वाजवून दाखवला. रडून रडून पोर निळी पडायला आली. शेवटी धनश्री भिंतीवरूनच उडी मारून आली! तिच्या कुडत्यावर दुधाचे डाग. मी तोंड फिरवून अंगणात गेलो.

संध्याकाळी म्हणाली, "बाबा, नाही होणार."

जया म्हणाली, "बाटली कशाला पायजे? वाटी-चमच्यानं पाजा. माज्या अंगनवाडीच्या बाया तसंच करत्यात." मग आधी का नाही सांगितलंस? "तुमी इचारलं कुठं?"

१३ जानेवारी

वाटी-चमचा — पास! अर्धं माझ्या शर्टावर. पण पास!

१७ जानेवारी, हैदराबाद

काल दौंडहून रात्रीची गाडी पकडली. मी आणि धनश्री. रेवा जयाकडे, जयाने आठवड्याची रजा टाकली. निघताना धनश्रीने रेवाला उठवलं नाही. उंबऱ्यातून नुसती बघत राहिली. मीच बॅग उचलली आणि पुढे चालायला लागलो. तिथे थांबलो असतो तर गाडी चुकली असती.

मी शहाणपणा करून फोनवरूनच एक पीजी ठरवून ठेवलं होतं. फोटोत छान होतं. सेंटरपासून जवळ. गेल्या गेल्या बाईंनी नियम सांगितले — दहाला कुलूप. मी म्हटलं, नोकरीच रात्रीची आहे. "रात्री दोनला कसली नोकरी?" असं म्हणून त्यांनी धनश्रीला वरून खालपर्यंत न्याहाळलं. धनश्रीने माझ्या हातातली बॅग घेतली आणि सरळ गेटबाहेर. निवेदिताने स्पष्ट सांगितलं होतं! माझंच चुकलं.

रस्त्यावर उभे, दोन बॅगा, पडद्यांचं गाठोडं, ऊन. तेवढ्यात धनश्रीला ट्रेनिंगच्या ग्रुपवर कळलं की अलिझा नावाची मुलगी आली आहे आणि तीही घर शोधते आहे. गेलो भेटायला. बरोबर तिचे वडील, परवेझ शेख. राहात्याचे! पेरूचा व्यापार. हैदराबादेत येऊन माणूस भेटला तो आपल्या जिल्ह्यातला! दोघी मुली पाच मिनिटांत मैत्रिणी. आम्ही दोघे बाप चहाला.

दुपारपासून चौघांनी मिळून घरं बघितली. परवेझभाई इथल्या लोकांशी फडाफड बोलतात. "आमच्या घरात बोलतो ना, तीच भाषा आहे हो ही! जरा हेल वेगळा." एक घर चांगलं होतं. बोलणं ठरत आलं. मालकाने मुलींची नावं विचारली. मी सांगितली, दोन्ही. मग त्याला एकदम आठवलं की घर त्याच्या भाच्याला द्यायचंय.

मी तावातावाने बोलायला लागलो. परवेझभाईंनी माझा दंड धरला. "चला सहादेवभाऊ. दुसरं बघू." खाली आल्यावर अलिझाच म्हणाली, "काका, मला लई भूक लागलीय." मग सगळेच हसलो.

१८ जानेवारी, हैदराबाद

मिळालं! सेंटरच्या मागच्याच गल्लीत, दुसरा मजला. मालकीणबाई म्हाताऱ्या, एकट्या. मी आधीच सांगून टाकलं — मुली दोन, नावं ही, जाण्या-येण्याच्या वेळा वाट्टेल त्या. त्या म्हणाल्या, मी दवाखान्यात नर्स होते, मला नका सांगू. आणि गेटच्या दोन किल्ल्या दोघींच्या हातात वेगवेगळ्या दिल्या.

भिंतीला खिळे मारायचे नाहीत एवढीच अट. परवेझभाईंनी पेरूच्या खोक्याला बांधायची सुतळी आणली होती. खिडकीच्या गजांना पडदे त्याच सुतळीने बांधले. खोलीत दुपारी बारा वाजता मिट्ट काळोख! आम्ही दोघेही खूश.

निघताना धनश्री पाया पडली. म्हणाली, "रेवाला रात्री डाव्या कुशीवर..." मी म्हटलं, ठाऊक आहे.

२३ जानेवारी

धनश्रीला ताप. दूध दाटून आलंय. जया दार लावून तासभर फोनवर बोलत होती. मला काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रेवाला घेऊन शनी चौकापर्यंत जाऊन आलो.

२५ जानेवारी

ताप उतरला. अलिझाने दोन दिवस तिच्या नोट्स लिहून काढल्या म्हणे.

रेवाने आज नाचणीची पेज वाटीभर खाल्ली.

८ फेब्रुवारी

माझा दिवस आता असा — सकाळी जयाला स्कूटरवर अंगणवाडीत सोडायचं (रेवा तेवढा वेळ आरतीकडे), मग रेवाची आंघोळ, पेज, झोप. झोपली की कपडे. उठली की ओट्यावर. येणारे-जाणारे थांबतात. "काय कंट्रोलर, नवीन डेपो का?" पहिल्यांदा लाज वाटायची. आता नाही वाटत.

धनश्रीचा रोज सात वाजता व्हिडिओ कॉल. अभ्यास भयंकर आहे. विमानातली सगळी बटणं तोंडपाठ. रेवा मोबाईलच्या पडद्याला चाटते.

२२ फेब्रुवारी

लेखी परीक्षा पास! दोघीही! पेढे आणले, ह्या वेळी कोणाला न विचारता.

रेवाचं रांगणं आता धावण्यासारखं. माझा पाय दिसला की पकडते.

३ मार्च

सिम सुरू झालं. दोघींचा नंबर आता मध्यरात्रीचा. म्हणून सातचा कॉल बंद, त्या वेळी झोपलेल्या असतात. दुपारी करते, तेव्हा रेवा झोपलेली. दोन दिवस नुसता झोपलेल्या पोरीचा चेहरा दाखवला. "असू दे बाबा, बघू दे."

९ मार्च

सकाळी फोन. आवाजावरूनच समजलं.

एक इंजिन बंद पडलं असं सिममध्ये दाखवतात. तेव्हा लगेच एका पायाने जोर द्यायचा असतो. हिने चुकीचा पाय दाबला. पुन्हा केलं, पुन्हा तोच. सरांनी सेशन परत करायला सांगितलं. म्हणाले, "हात इथे आहेत, लक्ष दुसरीकडे." आणखी एकदा असं झालं तर चौकशी बसते, मग ट्रेनिंग थांबवूही शकतात.

"बाबा, मी परत येते."

मी विचारलं, झोपतेस का? पडदे आहेत ना नीट?

"पडदे आहेत." मग म्हणाली, "काल रेवा जागी होती. मी हाक मारली तर तोंड फिरवलं तिने. तुमच्या खांद्यात डोकं खुपसलं. ती विसरली मला."

मी काल ते बघितलं होतं. वाटलं होतं, तिच्या लक्षात आलं नसेल.

१० मार्च

मी रेवाला घेऊन हैदराबादला जाणार. जया विरोधात. "पोर तिला बघून रडली म्हंजी? जे काय जरा उरलंय ते बी मोडून पडंल. परीक्षा तोंडावर हाय!" गोरक्ष म्हणतो, आई बरोबर बोलतेय.

असेलही. पण ती परत येते म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही. चार वर्षं वाट बघितली पोरीने. तिला दोन दिवस सिम नाही, अलिझाला विचारून घेतलं.

संध्याकाळी बघतो तर जयाने रेवाची बॅग भरलेली. नाचणीचं सत्त्व, वाटी, चमचा, टोपडं. माझ्याशी बोलत नाही, पण बॅग भरलेली!

१२ मार्च, हैदराबाद



सकाळी पोहोचलो. धनश्रीने दार उघडलं. वाळली आहे. तिने हात पुढे केले. रेवाने तिच्याकडे बघितलं, माझी कॉलर मुठीत धरली आणि जो टाहो फोडला! धनश्रीचे हात तसेच. चेहरा बघवेना. मला वाटलं, जया म्हणाली तेच झालं. मी काय करून बसलो!

"जाऊ दे बाबा," धनश्री म्हणाली. "तुमच्याकडेच राहू दे."

का कोण जाणे, मी ऐकलं नाही. रेवाची मूठ सोडवली, एकेक बोट. तिला धनश्रीच्या कडेवर दिलं आणि बाहेर आलो. दार ओढून घेतलं.

जिन्यावर बसलो. अलिझाही येऊन बसली. आत पोर किंचाळत होती. "आजा" म्हणता येत नाही अजून, पण मलाच हाका मारत होती, दुसरं काय! मी दोनदा उठलो. दोन्ही वेळा अलिझाने माझी बाही धरली. "थांबा काका. आत तिची आई आहे."

किती वेळ गेला माहीत नाही. मालकीणबाई खालून पाणी घेऊन आल्या, ठेवून गेल्या. मग रडणं बारीक झालं. मग हुंदके. मग काहीच नाही.

आता मला ती शांतता ऐकवेना! दार हळूच ढकललं.

ह्या मुलींनी भिंतीवर विमानाच्या पुढच्या भागाचं मोठं कागदी चित्र चिकटवलं आहे. सगळी बटणं, घड्याळं, खरी असतात तेवढीच. समोर खुर्ची टाकून सराव करतात. धनश्री त्या खुर्चीत, रेवा मांडीत. नाक वाहतंय, डोळे सुजलेले, आणि चिमुकल्या पंजाने त्या कागदी बटणांवर थापा मारतेय. धनश्री तिचा हात धरून प्रत्येक बटणाचं नाव सांगत होती. हळू. अंगाई म्हणावी तसं.

मला बघितलं, पण थांबली नाही.

१३ मार्च, हैदराबाद

दोघी मायलेकी काल संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत झोपल्या. मी पेजेला उठवायला गेलो तर अलिझाने हाकलून लावलं.

निघताना रेवा धनश्रीकडून माझ्याकडे यायला तयार नव्हती! धनश्री रडली नाही. हसली. म्हणाली, "आता घेऊन जा बाबा. मला कामं आहेत."

१६ मार्च

परत घेतलेलं सेशन — झालं! पाय बरोबर पडला. सर नुसतं "नेक्स्ट" म्हणाले म्हणे. धनश्री सांगते, सरांकडून एवढंही खूप.

जयाने माझ्यासाठी पुरणपोळी केली. सणाला अजून तीन दिवस आहेत.

१९ मार्च, पाडवा

गुढी उभारली. रेवाने साखरेच्या गाठीतली गाठ तोडून खाल्ली. गोरक्षला आज सुट्टी, तो पोरीला घेऊन अंगणात. रेवाने त्याच्या मिशा ओढल्या. हंगाम संपत आला.

२८ मार्च

पास! सिमची अखेरची परीक्षा पास. अलिझाही. परवेझभाईंचा मला फोन — बोलायचं होतं खूप, पण दोघेही नुसते "हां... हां..." करत राहिलो.

११ एप्रिल

आज खरं विमान. माणसं नसलेलं, मोकळं. ते उतरवायचं, पुन्हा उचलायचं, पुन्हा उतरवायचं. संध्याकाळी धनश्रीचा फोन आला. जया म्हणाली, "भ्या न्हाई वाटलं?" ती म्हणाली, "आई, वाटलं. पण मजाही लई आली!" हैदराबादला अलिझाबरोबर राहून ही आमच्यासारखं बोलायला लागली की काय!

१८ एप्रिल

धनश्री घरी. रेवाचा वाढदिवस चार दिवस उशिरा केला. अंगणात तिने स्वतःहून तीन पावलं टाकली, मग बसली. तिन्ही पावलं आईकडे. बरं वाटलं. थोडं दुखलंही. दोन्ही खरं.

२६ एप्रिल, रविवार

पोस्टिंग आलं. कोलकाता. रेवा आता आईजवळ राहणार. गोरक्ष कारखाना सोडतोय, तिकडे काम शोधणार. मी "चांगलं झालं" म्हणालो आणि रेवाची झबली घड्या करायला घेतली. धनश्रीने हातातलं झबलं काढून घेतलं. "बाबा, मी घर बघतेय ते तुमची खोली धरून. तुमच्याशिवाय मी ड्यूटीला कशी जाऊ?"

जयाच्या नोकरीची अजून तीन वर्षं आहेत. मी तिच्याकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी जावा. पोरीला तुमची सवय हाय."

"आणि तू?"

तिने एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मला तेवढी स्कूटर शिकवून जावा."